एकच जांभळा, दोन निकाल: घरी लोकर रंगवताना रंग का हुकतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. जांभळ्या अ‍ॅसिड डायची एकच डबी, एकच भांडं, तेवढाच रंग. पहिल्या खेपेला मेरिनोची, म्हणजे मऊ, बारीक तंतूच्या लोकरीची, लडी एकसारखी जांभळी निघाली. दुसऱ्या खेपेला मेरिनोचे पेळू (कातण्यासाठी पिंजलेली लोकर) आणि मोज्यांसाठीचा सुपरवॉश, म्हणजे यंत्रात धुता येणारा, धागा असं दोन्ही एकत्र घातलं. धागा गडद झाला, पेळूवर गुलाबी आणि निळे डाग पडले, पेळूची घडी उलगडली तर आत पांढरं, आणि धुताना निळं पाणी सुटतच राहिलं. सगळं तसंच केलं, मग रंग वेगळा का आला?

मापं तीच होती, पण लोकर वेगळी होती आणि बहुधा तापण्याचा वेगही. रंग किती घातला यावर छटा फिकी की गडद एवढंच ठरतं. डाग, पट्टे, फुटलेले रंग, आत राहिलेलं पांढरं हे सगळं रंग कोणत्या वेगाने लोकरीत शिरला यावर अवलंबून असतं. हा वेग ताब्यात ठेवायला आपल्या हातात तीन गोष्टी आहेत: उष्णता, आम्ल आणि लोकरीची भिजण्याची अवस्था. घरगुती रंगकामात हुकणाऱ्या दहापैकी आठ गोष्टी या तिघांपाशी येऊन थांबतात.

लोकर म्हणजे केराटिन नावाचं प्रथिन. पाणी आंबट झालं की त्यातल्या अमिनो गटांवर धनभार येतो. अ‍ॅसिड डायच्या रेणूवर ऋणभार असतो, त्यामुळे तो ओढला जातो. पाण्याचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं पाणी आंबट) साधारण ५ च्या खाली गेला की ही ओढ चांगलीच वाढते. पण नुसती ओढ असून भागत नाही. लोकरीच्या तंतूवर खवले असतात आणि थंड पाण्यात ते रंगाला सहजी आत घेत नाहीत. ४० अंश सेल्सिअसच्या खाली फारसं काही घडत नाही. ५० ते ७० अंश या पट्ट्यात बहुतेक रंग झपाट्याने लोकरीवर चढतात. ८५ च्या पुढे उरलासुरला रंग चढतो आणि चढलेला रंग तंतूच्या गाभ्यापर्यंत पोचतो. म्हणजे खरा नाजूक काळ ५० ते ७० चा. नेमक्या त्याच काळात गॅस मोठा करून आपण दुसऱ्या कामाला लागतो. पाणी पाच-सात मिनिटांत तो पट्टा ओलांडतं आणि भांड्याच्या तळाशी, कडेला, जिथे आच जास्त तिथली लोकर सगळा रंग पिऊन बसते.

आता जांभळा का फुटला ते. डबीवर ‘जांभळा’ लिहिलेलं असलं तरी आत बहुतेक वेळा दोन-तीन वेगवेगळे रंग मिसळलेले असतात: एखादा गुलाबी किंवा लाल आणि एखादा निळा. या प्रत्येकाचा चढण्याचा वेग वेगळा. बऱ्याच संचांत गुलाबी-लाल घटक कमी तापमानाला आणि कमी आम्लातही पटकन चढतो. निळा, आणि त्याहून जास्त फिरोजी, सावकाश येतो, कारण त्यांचे रेणू मोठे असतात. भांड्यात आम्ल आधीपासून भरपूर असेल तर लोकरीचा जो भाग रंगाला पहिल्यांदा भेटतो तो गुलाबी उचलतो, आणि मागे राहिलेलं निळं पाणी जिथे जागा मिळेल तिथे जाऊन बसतं. काळा, करडा, तपकिरी, ऑलिव्ह आणि गडद हिरवा या रंगांतही हेच होतं. काळा तर सगळ्यात बदनाम. फिकट काळा करून छान करडा मिळेल या आशेने थोडा काळा घातला की करड्याऐवजी जांभळट, हिरवट, तपकिरी अशा छटा बाहेर पडतात.

एखादा रंग फुटणारा आहे का हे लोकर बिघडवण्याआधी पाहता येतं. टिपकागद किंवा कॉफीचा फिल्टर पेपर ओला करून ताटलीत पसरा आणि मधोमध कोरड्या रंगाची टाचणीच्या टोकावर मावेल एवढी भुकटी टाका. काही मिनिटांत रंग कडेकडे पसरतो. कडा आणि मध्य एकाच रंगाचे राहिले तर डबीत बहुधा एकच रंग आहे. मधे निळा, मग जांभळा आणि बाहेर गुलाबी कडं असं दिसलं तर मिश्रण आहे. कागदावर जो पुढे पळाला तोच लोकरीवर आधी चढेल असं मात्र धरून चालू नका, कागद आणि लोकर यांचं वागणं वेगळं. चाचणीचा उपयोग आत किती रंग आहेत हे कळण्यापुरता.

रंगकाम चालू असताना त्याहून भरवशाची खूण म्हणजे पांढरी बशी. ६० अंशांच्या आसपास चमचाभर पाणी काढून पांढऱ्या बशीत ओता. लोकर जांभळट-गुलाबी दिसते आहे आणि बशीतलं पाणी स्वच्छ निळं, असं दिसलं तर गुलाबी चढून गेला आणि निळा अजून पाण्यात आहे. इथे आच वाढवू नका. त्याच तापमानावर दहा-पंधरा मिनिटं थांबा, लडी हलक्या हाताने वरखाली करा आणि मग आम्लाचा पुढचा हप्ता द्या. बशीतलं पाणी फिकं होत जातं आणि शेवटी साध्या पाण्यासारखं निवळ होतं. त्याला पाणी निवळणं म्हणतात. पाणी निवळलं म्हणजे रंग लोकरीवर गेला. तो पक्का होण्यासाठी मात्र त्यानंतरही वेळ द्यावा लागतो.

पाणी निवळलं की गॅस बंद, ही चूक फार सर्रास होते. रंग तंतूच्या पृष्ठभागावर चढला तरी पाणी निवळतं. तो गाभ्यात शिरायला ८५ ते ९५ अंशांवर अर्धा ते पाऊण तास लागतो, गडद रंगाला तासभर. मग भांडं झाकून आपोआप कोमट होऊ द्यायचं. तुमच्याकडे धुताना निळंच पाणी सुटलं याचा अर्थ निळ्या घटकाला वेळ, उष्णता किंवा आम्ल यांतलं काहीतरी पुरलं नाही. अशी लडी पुन्हा स्वच्छ पाण्यात घाला, १०० ग्रॅमला चमचाभर सायट्रिक अ‍ॅसिड टाका आणि ९० अंशांवर अर्धा तास ठेवा. बहुतेक वेळा तेवढ्याने सुटणं थांबतं. रंगच मुळात लोकरीच्या धारण करण्याच्या ताकदीबाहेर घातला असेल तर मात्र तो धूत राहण्याशिवाय इलाज नाही. काळ्याला वजनाच्या ३-४ टक्के रंग लागतो, बाकी कोणत्याही रंगात तेवढ्यापर्यंत जाण्याचं कारण नसतं.

सुपरवॉश धागा आणि साधे पेळू एकत्र घालणं हे तुमच्या दुसऱ्या खेपेचं मोठं दुखणं. सुपरवॉश करताना लोकरीच्या खवल्यांवर सहसा क्लोरीनची प्रक्रिया करतात आणि वर पॉलिमरचा पातळ थर देतात. त्यामुळे ती यंत्रात धुतली तरी आटत नाही. खवल्यांचा अडथळाच कमी झाल्यामुळे ती रंगही चटकन आणि जास्त ओढते. एकाच भांड्यात साधी आणि सुपरवॉश लोकर असेल तर सुपरवॉश आधी जेवून घेते, साधीच्या वाट्याला उरलेलं येतं. त्यात मोज्यांच्या धाग्यात बहुधा वीस-पंचवीस टक्के नायलॉन असतो, आणि फिकट छटांत नायलॉन लोकरीच्याही आधी अ‍ॅसिड डाय खेचतो. रेशीम मिसळलेल्या धाग्यात आणखी वेगळा खेळ: कमी तापमानाला रेशीम पुढे असतं, पाणी तापत गेलं की लोकर. वेगवेगळ्या जातीची लोकर एकाच भांड्यात घालून एकच छटा मिळवायची खटपट सोडून द्या. वेगळी भांडी, वेगळ्या वेळा, आणि सुपरवॉशसाठी सुरुवातीचं आम्ल निम्मं.

पेळूच्या आत पांढरं राहिलं त्याची कारणं दोन. पहिलं भिजवणं. कोरड्या लोकरीच्या तंतूवर स्निग्ध आम्लांचा अतिसूक्ष्म थर असतो, त्यामुळे ती पाणी झटकून टाकते. वरून ओली दिसली तरी आत हवा अडकलेली असते आणि जिथे हवा तिथे रंग नाही. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून लडी किंवा पेळू त्यात आपोआप बुडू द्यायचे, दाबायचे नाहीत. धाग्याला किमान अर्धा तास, घट्ट पिळाच्या धाग्याला आणि पेळूंना दोन तास, शक्य असेल तर रात्रभर. रंगात टाकण्याआधी साबण निघेल इतपत एकदा खळबळून घ्यायचं. दुसरं कारण गर्दी. १०० ग्रॅम लोकरीला तीन ते चार लिटर पाणी लागतं. मोकळं पोहता आलं नाही तर घडीच्या आतला भाग रंग पाहतच नाही, आणि जेव्हा पाणी आत पोचतं तेव्हा त्यात रंग उरलेला नसतो. लडीला बांधलेले दोरेही तपासा. गाठ घट्ट असली की तिथे पांढरी पट्टी राहते. इंग्रजी आठच्या आकड्यासारखा दोरा धाग्यांमधून फिरवून सैल गाठ मारायची, आत दोन बोटं सहज जायला हवीत. अशा चार गाठी पुरतात.

एकसारखा रंग हवा असेल तेव्हाची पद्धत आता सलग सांगतो. रंगाची भुकटी चमच्याने मोजू नका. वेगवेगळ्या रंगांची घनता वेगळी, चमचाभर पिवळा आणि चमचाभर निळा यांचं वजन सारखं नसतं. ५ ग्रॅम रंग थोड्या कोमट पाण्यात कालवून गुठळ्या मोडायच्या, मग उकळतं पाणी घालून एकूण ५०० मिलिलिटर करायचं. हे झालं एक टक्क्याचं द्रावण. ते दाट कापडातून गाळून घ्या. न विरघळलेले कण हेच पुढे लोकरीवर गडद ठिपके होऊन बसतात. हिशेब सोपा: लोकरीचं कोरडं वजन ग्रॅममध्ये गुणिले हवी ती टक्केवारी (लोकरीच्या वजनाच्या किती टक्के रंग), म्हणजे या द्रावणाचे लागणारे मिलिलिटर. १०० ग्रॅमला एक टक्का म्हणजे १०० मिलि. २५० ग्रॅमला पाऊण टक्का म्हणजे १८७.५ मिलि. फिकट छटा ०.१ ते ०.३ टक्क्यांत येतात, मध्यम अर्धा ते एक, गडद दोनच्या आसपास. द्रावण बाटलीत ठेवलं तर वापरण्याआधी कोमट करून हलवून घ्यायचं, काही रंग तळाशी बसतात. भुकटी हाताळताना तोंडावर मास्क हवा, आणि भांडी, चमचे, थर्मामीटर स्वयंपाकघरात परत न्यायचे नाहीत.

भांड्यात पाणी ३०-४० अंश, त्यात रंग, आणि लोकरीच्या वजनाच्या ५ ते १० टक्के ग्लॉबर मीठ, म्हणजे सोडियम सल्फेट. इथे सुती कापड रंगवणाऱ्यांचा नेहमी घोटाळा होतो. सुतात मीठ घातलं की रंग जास्त चढतो. लोकरीवर अ‍ॅसिड डायच्या बाबतीत उलट: सल्फेटचे ऋणभारित आयन लोकरीवरच्या त्याच जागांसाठी रंगाशी भांडतात, म्हणून रंग सावकाश आणि समान बसतो. भिजलेली, निथळलेली लोकर या पाण्यात सोडायची, आम्ल अजून नाही. मिनिटाला एक अंश या गतीने तापवायचं. हे ऐकायला कंटाळवाणं वाटतं आणि आहेही, पण सगळ्या कृतीतली मोलाची पाऊण तासाची जागा हीच आहे. ५० अंशांना आम्लाचा पहिला तिसरा हिस्सा, ६५ ला दुसरा, ८५ ला उरलेला. दर वेळी लोकर काठीने वर उचलायची, आम्ल पाण्यात ढवळायचं आणि मग लोकर परत सोडायची. लोकरीवर थेट आम्ल किंवा रंग ओतला की तिथे डाग ठरलेला. एकूण आम्ल १०० ग्रॅम लोकरीला साधारण ३ ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड किंवा ५ टक्क्यांचं पांढरं व्हिनेगर ३० ते ३५ मिलि.

हे माप नळाच्या पाण्यावर मात्र फसू शकतं. जड पाण्यातले बायकार्बोनेट क्षार आम्ल खाऊन टाकतात. पाण्याची क्षारता लिटरला २०० मिलिग्रॅम असेल आणि भांड्यात चार लिटर पाणी असेल तर ३ ग्रॅम सायट्रिकपैकी बराच भाग त्या क्षारांतच संपतो. मग रंग अर्धवट चढतो, पाणी निवळत नाही आणि आपण रंगाच्या कंपनीला नावं ठेवतो. चमच्यापेक्षा पीएचच्या पट्टीवर विश्वास ठेवा. शेवटचा हप्ता दिल्यावर पाणी ४ ते ४.५ च्या दरम्यान असावं. गडद रंगाच्या पाण्यात पट्टीचा रंग वाचता येत नाही. तिचं फक्त टोक बुडवून ओलावा वर चढू द्यायचा आणि वरची कड वाचायची. तरीही जमलं नाही तर तेवढंच साधं पाणी आणि तेवढंच आम्ल वेगळं घेऊन एकदा मोजून ठेवायचं. लोकरही थोडं आम्ल शोषते, त्यामुळे भांड्यातला आकडा यापेक्षा किंचित वर असेल, पण निदान पाण्याचा स्वभाव कळतो.

ढवळण्याबद्दल दोन शब्द. लोकर आटून तिचा नमदा होतो तो घर्षणामुळे. नुसती उष्णता पुरेशी नसते. ओली, गरम, साबणाची लोकर घुसळली की खवले एकमेकांत अडकतात आणि ते परत सुटत नाहीत. पाण्याला उकळी फुटू द्यायची नाही, कारण बुडबुडेच ढवळण्याचं काम करतात. लडी काठीवर घेऊन उलटायची. पेळू आणि मोकळी लोकर जाळीच्या पिशवीत ठेवून फक्त खाली दाबायची. भांड्याच्या तळाशी पालथी ताटली किंवा जाळी ठेवली तर तळाला टेकलेला भाग गडद होत नाही. गरम लोकर एकदम थंड पाण्यात टाकू नका, धुण्याचं पाणी लोकरीच्याच तापमानाचं असू द्या.

एवढं करूनही डाग राहिले तर रंगाची जात पाहावी लागते. अ‍ॅसिड डायमध्ये ढोबळ दोन स्वभाव आहेत. लहान रेणूंचे समतोल बसणारे रंग असतात, ते गरम पाण्यात लोकरीतून सुटतात आणि दुसरीकडे जाऊन बसतात. त्यांचे डाग ग्लॉबर मीठ घालून तासभर ९५ अंशांवर ठेवले की बरेचसे विरतात. किंमत अशी की धुण्यात ते तितके पक्के नसतात. दुसरे मोठ्या रेणूंचे, मिलिंग गटातले आणि धातूयुक्त रंग. धुण्यात पक्के, पण एकदा जिथे बसले तिथून हलत नाहीत. यांच्यावर जास्त वेळ उकळणं म्हणजे लोकर खराब करणं, डाग जायचा नाही. डबीवर हा गट बहुधा लिहिलेला नसतो. थोड्या रंगवलेल्या लोकरीला पांढरी लोकर बांधून, साध्या किंचित आंबट पाण्यात ९० अंशांवर अर्धा तास ठेवा. पांढरी चांगली रंगली तर रंग फिरणारा आहे.

काही फरक रंगाऱ्याच्या हाताबाहेरचे असतात आणि ते ओळखता आलेले बरे. मेंढीच्या अंगावर असताना लोकरीची टोकं ऊन-पाऊस खातात. टोकाकडचे खवले झिजलेले असतात, तिथे रंग बुंध्यापेक्षा वेगळा बसतो. न कातलेली, हाताने धुतलेली लोकर रंगवली की हा फरक उघड दिसतो. जाड, आतून पोकळ केस असलेली लोकर त्या केसांवर फिकी दिसते, मेरिनोच्या गुळगुळीत रंगाची तिच्याकडून अपेक्षा ठेवू नये. बारीक तंतूची लोकर रंग लवकर घेते, पण तितक्याच टक्केवारीला जाड तंतूपेक्षा फिकी दिसते, कारण पृष्ठभाग जास्त असल्याने उजेड जास्त परततो. धुतल्यावरही राहिलेलं लॅनोलिन, म्हणजे लोकरीतला मेणचट स्निग्धांश, रंगाला अडवतं. लोकर बोटांना चिकट लागत असेल तर पुन्हा धुवा. आणि ‘पांढरी’ लोकर नीट पाहिली तर मलईकडे झुकलेली असते. त्यावर फिकट निळा दिला की तो हिरवटच येणार, फिकट लव्हेंडर मळकट येणार. गडद छटांत हे लपतं. फिकट निळ्यासाठी त्यात निळ्याच्या विसाव्या भागाएवढा जांभळा मिसळला की हिरवट झाक मोडते.

वजनही फसवं असतं. लोकर हवेतली आर्द्रता भरपूर शोषते. कोरड्या हवेतली आणि अगदी दमट हवेतली तीच लडी वजनात दहा टक्क्यांहून जास्त वेगळी भरू शकते. पुन्हा तीच छटा हवी असणाऱ्याने सगळ्या लड्या एकाच दिवशी, एकाच ठिकाणी तोलाव्यात.

आतापर्यंतचं सगळं एकसारखेपणासाठी होतं. तुम्हाला डागाळलेलं, सरमिसळ सौंदर्य हवं असेल तर हेच नियम उलटे फिरवा. लोकर आधीच आंबट पाण्यात भिजवा, भांड्यात पाणी कमी ठेवा, ८० अंशांच्या पाण्यात रंग एकेका जागी ओता आणि हात लावू नका. फुटणारा जांभळा किंवा काळा इथे मुद्दाम वापरतात, आणि माझ्या मते त्याचा सगळ्यात चांगला उपयोग हाच आहे. हाताने रंगाचे पट्टे देताना मात्र तीन ठिकाणी घोळ होतो. एक, लोकर पुरेशी पिळलेली नसते. जादा पाणी खाली साचून सगळे रंग तळाशी एकत्र येतात. दाबल्यावर थेंब पडणार नाही इतपत पिळलेली हवी. दोन, दोन रंगांमध्ये जागा सोडलेली नसते. दोन-तीन सेंटिमीटर पांढरं सोडलं की रंग पसरून आपोआप भेटतात. लाल-हिरवा, जांभळा-पिवळा, निळा-नारिंगी या जोड्या शेजारी आल्या की मधली पट्टी मातकट होते. त्यांच्यामध्ये तिसरा रंग घाला, जसं निळा आणि नारिंगी यांच्यामध्ये गुलाबी. तीन, मागची बाजू पाहिलेली नसते. हातमोजे घालून प्रत्येक पट्टा दाबून रंग पलीकडे पोचवायचा, लडी उलटून पांढरं शोधायचं. मग प्लास्टिकच्या पातळ कागदात गुंडाळून वाफेवर, वाफ धरल्यापासून धाग्याला अर्धा तास, जाड गुंडाळीला पाऊण. वाफ आतपर्यंत पोचायला वेळ लागतो हे विसरलं की मधला भाग धुताना सुटतो. गुंडाळी उलगडण्याआधी पूर्ण थंड होऊ द्या.

खाण्याचे रंग वापरून पाहणाऱ्यांसाठी: तेही अ‍ॅसिड डायच आहेत. टार्ट्राझिन म्हणजे अ‍ॅसिड यलो २३, ब्रिलियंट ब्लू म्हणजे अ‍ॅसिड ब्लू ९, कार्मोइसिन म्हणजे अ‍ॅसिड रेड १४. लोकरीवर छान चढतात, उन्हात लवकर उडतात. ज्या खाण्याच्या जांभळ्यात एरिथ्रोसिन हा गुलाबी असतो तो हमखास फुटतो. एरिथ्रोसिन आम्लाविनाही लोकर धरतं, ब्रिलियंट ब्लूला आम्ल लागतं, आणि फार आंबट पाण्यात एरिथ्रोसिन विरघळलेलं राहत नाही, साका होऊन बसतं. आधी आम्ल न घालता गरम करून गुलाबी चढू द्यायचा, मग आम्ल घालून निळा, असं दोन पायऱ्यांत केलं की दोन्ही रंग लोकरीवर येतात.

वनस्पतींच्या रंगात अनिश्चितता निराळ्या वाटेने येते, सविस्तर लिहायचं तर वेगळं उत्तर लागेल. पण एक गोष्ट कळीची आहे: तिथला डाग बहुधा रंगाच्या आधीच पडलेला असतो. रंग धरून राहावा म्हणून आधी वजनाच्या १० ते १५ टक्के फिटकरीत लोकर तासभर ८०-८५ अंशांवर ठेवतात. ती फिटकरी असमान बसली तरी लोकर पांढरीच दिसते, आणि दोष रंगात घातल्यावर उमटतो. फिटकरीचं पाणीही मोकळं, गरम करणंही सावकाश हवं. मंजिष्ठा ७० अंशांच्या वर गेली की लालाचा तपकिरी होऊ लागतो. कोचिनियल (किड्यांपासून मिळणारा लाल रंग) आंबट पाण्यात शेंदरीकडे, अल्कलीत जांभळ्याकडे झुकतो. पाण्यात लोह असलं किंवा भांडं गंजकं असलं की सगळेच रंग काळवंडतात. हिराकस (लोहाचा क्षार) मुद्दाम घालायचं तर एक-दोन टक्क्यांच्या पुढे जाऊ नये, लोकर ठिसूळ होते. हळद आणि बीट यांचे रंग फोटोपुरते. हळदीचा उन्हात उडतो, बिटाचा तर धुण्यातच जातो.

छटा बरोबर आली की नाही हे ओल्या लोकरीवर ठरवू नका. ओली लोकर वाळलेल्यापेक्षा एक-दोन पायऱ्या गडद दिसते. नमुन्याची दहा-पंधरा सेंटिमीटर लांबीची कात्रणं वाळवून, दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी धरून पाहायची. ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन करडे उन्हात वेगळे दिसू शकतात. नमुना रंगवतानाही एक सापळा आहे: दहा ग्रॅमचं छोटं भांडं फार भराभर तापतं, त्यामुळे नमुना डागाळतो आणि मोठी लडी चांगली येते, किंवा उलट. नमुना काचेच्या बरणीत घालून ती बरणी मोठ्या भांड्यातल्या पाण्यात ठेवा. लोकर आणि पाण्याचं प्रमाण तेच ठेवा. वहीत टक्केवारीबरोबर कोणत्या तापमानाला किती मिनिटं लागली तेही लिहा, कारण पुढच्या वेळी चुकलेलं नेमकं तिथेच सापडतं.

आता तुमच्या हातात असलेल्या मालाचं. पेळू टाकून देऊ नका आणि पुन्हा रंगवूही नका. आतलं पांढरं, गुलाबी, निळं हे सगळं पेळू ओढून कातताना एकमेकांत मिसळतं. दोन-तीनदा पिंजून घेतलं तर दुरून जवळपास एकसारखा जांभळाच दिसेल, जवळून जरा जिवंत. कारखान्यातही लोकर कातण्याआधी मोकळी रंगवतात त्यामागे हे एक कारण आहे: त्या टप्प्यावरचा असमानपणा पुढे पिंजण्यात विरून जातो. मात्र ओढून पाहा, तंतू सरकत नसतील तर पेळू आटले आहेत. थोडेच आटले असतील तर हाताने आडवे फाकवून मोकळे होतात.

सुपरवॉश धाग्यावर डाग असतील तर रंग उतरवण्याच्या भानगडीत पडू नका. अमोनियाचं कोमट पाणी काही रंग सोडवतं, पण अल्कली लोकरीला कमकुवत करते आणि गुलाबी आधी सुटला तर प्रश्न दुप्पट होतो. त्याऐवजी वरून ०.२ ते ०.३ टक्के एकजिनसी निळा द्या, टिपकागदावर न फुटलेला, वर सांगितलेल्या सावकाश पद्धतीने. गुलाबी भाग जांभळे होतील, निळे गडद निळे, आणि सगळ्यांना एक समान झाक येईल. विणताना दोन लड्या असतील तर दोन ओळी एकीच्या, दोन ओळी दुसरीच्या अशा आलटून पालटून घ्या, म्हणजे लडी बदलल्याची रेघ कपड्यावर दिसत नाही.